शाळा सोडल्याचा दाखला

पद्मजा पाटणकर खोटं बोलली नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जो गोंधळ झाला त्यात शेवटी शेवटी तिचा स्वतःवरसुद्धा विश्वास राहिला नव्हता. पण सुरुवातीला घडलं ते एवढंच, की नोरीनने तिला एक साधा प्रश्न विचारला आणि तिने त्याचं साधं, खरं उत्तर दिलं.

नोरीन म्हणजे आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावातल्या एका पाळणाघराची मालकीण. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या त्या अवाढव्य कारखान्यात ज्यांचे आईबाप कामाला, त्यांची पोरं दिवसभर तिच्याकडे असत. पद्मजाचा नवरा शिरीष त्याच कारखान्यात इंजिनिअर. ही मंडळी नागपूर सोडून इथे आली तेव्हा पद्मजाला काम करायची परवानगी नव्हती. चार वर्षं तिने घर आवरलं, आवरलेलं घर पुन्हा आवरलं, आणि समोरच्या घरातली म्हातारी केव्हा पडदा सारते ते पाठ केलं. मग नियम बदलला, इंजिनिअरांच्या बायकांनाही कामाची परवानगी मिळू लागली आणि पद्मजा नोरीनसमोर जाऊन बसली.

"तुझं लीव्हिंग सर्ट आहे ना?" नोरीनने विचारलं, अर्थात इंग्रजीत.

आता महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या कुणालाही विचारा. लिव्हिंग सर्टिफिकेट म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. वर शाळेचं नाव, मग जन्मतारीख, जात, वर्तणूक चांगली, प्रगती समाधानकारक आणि खाली मुख्याध्यापकांची सही. पासपोर्टच्या वेळी हाच कागद लागला होता, म्हणून पद्मजाने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थेट आयर्लंडपर्यंत आणलेला. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर येतंय म्हटल्यावर तिला कोण आनंद झाला.

"येस येस! ओरिजिनल आहे," ती म्हणाली. "झेरॉक्स आणून देऊ?"

नोरीन खळखळून हसली. बाई विनोदी आहे असं तिला वाटलं. "यू आर ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे राहू दे, आणि सोमवारपासून पद्मजा कामावर रुजू झाली.

दोन वर्षं फार सुखात गेली. दीड-दोन वर्षांच्या पोरांची खोली तिच्याकडे आली. पोरं तिला 'पॅमा' म्हणत, तिच्या ओढणीला नाकं पुसत, आणि दुपारी तिने पाठीवर थोपटलं की झोपत. नोरीन नव्या पालकांना सांगायची, "ही आमची पद्मा. तिकडे कॉलेजला होती बरं का." हेही पद्मजानेच सांगितलेलं आणि हेही खरंच. आपल्याकडे अकरावी-बारावीला कॉलेजच म्हणतात. इकडे कॉलेज म्हणजे विद्यापीठ, हे तिला कुणी सांगायला हवं होतं, आणि ते कुणी सांगितलं नाही.

मग तिची मुलगी स्वानंदी शाळेच्या शेवटच्या वर्षात गेली आणि घरात उठता-बसता 'लीव्हिंग' सुरू झालं. लीव्हिंगचे विषय, लीव्हिंगचे गुण, लीव्हिंगनंतर काय. एके दिवशी कणीक मळता मळता पद्मजाचे हात थांबले. हे लीव्हिंग म्हणजे शाळा सोडल्याचा कागद नव्हे. ही बोर्डाची परीक्षा आहे, आपल्या बारावीसारखी. म्हणजे नोरीनने विचारलं होतं ते हे.

कारण पद्मजा बारावी नापास होती.

एकदा नव्हे, दोनदा. मार्चमध्ये इंग्रजीत तीन गुणांनी गेली आणि ऑक्टोबरमध्ये त्याहून जास्त. वडील म्हणाले, पुरे झालं. तेव्हापासून तिच्या शिक्षणापुढे 'बारावी अपीअर्ड' असं लिहायची पद्धत पडली. परीक्षेला बसली होती एवढंच त्यातून कळतं, उठली तेव्हा काय झालं ते कळत नाही. लग्नाच्या पत्रिकेसोबतच्या माहितीत तेच होतं आणि शिरीषने टाइप करून दिलेल्या अर्जातही तेच. शिरीषला सगळं ठाऊक होतं आणि त्याला त्याचं काही नव्हतं. स्वानंदीला मात्र कुणी कधी सांगितलं नव्हतं. आई कॉलेजात होती, एवढंच तिला माहीत.

पद्मजा गप्प बसली. गप्प बसणं खोटं बोलण्यात धरायचं की नाही, याचा तिने बराच विचार केला आणि तिला ते ठरवता आलं नाही. विचारत नाहीये कुणी, तर कशाला, असं म्हणून तिने दिवस ढकलले. मार्चमध्ये नोरीनने विचारलं.

"नवे नियम येतायत," ती म्हणाली. "तपासणीला बाई येणार, प्रत्येकीच्या फायलीत कागद हवा. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना मला मुलांच्या खोलीत ठेवता यायचं नाही. तुला काय काळजी, तुझं लीव्हिंग आहेच. ईस्टरच्या आधी आणून दे, म्हणजे त्या खोलीची प्रमुख म्हणून तुझंच नाव घालते."

पद्मजाने मान हलवली. आपली मान हो म्हणताना हलते की नाही म्हणताना, हे नोरीनला दोन वर्षांत कळलं नव्हतं, आणि त्या दिवशी पद्मजालाही कळलं नाही.

घरी आल्यावर तिने शिरीषपुढे सगळं ओतलं. शिरीषचा स्वभाव असा, की अडचण दिसली की तो कॉम्प्युटर उघडतो. जेवण होईस्तोवर त्याने उपाय शोधलासुद्धा.

"हे बघ. अमेरिकेतली ऑनलाइन शाळा आहे. घरबसल्या परीक्षा द्यायची, हायस्कूल डिप्लोमा पोस्टाने घरी येतो."

"डिप्लोमा?" पद्मजा दचकली. "अहो, या वयात मी पॉलिटेक्निक करू?"

"अगं, तो डिप्लोमा नाही. अमेरिकेत बारावीलाच डिप्लोमा म्हणतात."

"मग आपल्या डिप्लोमाला काय म्हणतात?"

"तू हे करून टाक," तो म्हणाला. "त्या इन्स्पेक्टरबाईला कागद पाहिजे, तिला कागद दे. उगाच एवढा विचार काय करून राहिली आहेस?" रागावला किंवा लाडात आला की त्याचं नागपूर बाहेर पडतं. तेव्हा यातलं नेमकं काय होतं, कोण जाणे.

पद्मजाचं समाधान झालं नाही. तिने डब्लिनजवळच्या डून लेरीला राहणाऱ्या मृणालिनीताईंना फोन लावला. त्यांचे यजमान सरकारी इस्पितळात डॉक्टर, आणि या देशातला कुठला कागद कुठल्या खिडकीवर मिळतो ते मृणालिनीताईंना तोंडपाठ. पद्मजाने अर्थातच स्वतःचं नाव घेतलं नाही. "आमच्या इथे एक बाई आहे," अशी सुरुवात केली.

"दहावी पास आहे ना ती?" मृणालिनीताईंनी विचारलं.

"हो हो. फर्स्ट क्लास," पद्मजा पटकन म्हणाली.

"मग सोपं आहे. डब्लिनला एक ऑफिस आहे. आपलं शिक्षण इथल्या कशाच्या बरोबरीचं आहे ते लिहून देतात. दहावीवर काहीतरी मिळेल. आणि लहान मुलांचं काम करायचंय ना तिला? मग संध्याकाळच्या वर्गाला जाऊन लेव्हल फाइव्ह करायचं. ते लीव्हिंगच्या बरोबरीचं धरतात."

"म्हणजे ते लीव्हिंगच?"

"लीव्हिंग नाही गं. बरोबरीचं."

"पण मग ते लीव्हिंग नसेल तर..."

"बरोबरीचं!" मृणालिनीताई ओरडल्या. पद्मजाने घाईघाईने कळलं म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. तिला काडीचंही कळलं नव्हतं. लेव्हल फाइव्ह म्हणजे पाचवी का? पाचवी तर ती केव्हाच पास होती.

तिने स्वानंदीला आडून विचारलं. स्वानंदी पुस्तकातून डोकं न काढता तिच्या त्या आयरिश इंग्रजीत म्हणाली, की फिफ्थ क्लास म्हणजे लहान मुलांची शाळा, फिफ्थ इयर म्हणजे ती स्वतः गेल्या वर्षी होती ते, आणि लेव्हल फाइव्ह हे तिसरंच काहीतरी. आणि पास मॅथ्स म्हणजे गणितात पास होणं नव्हे, सोप्या गणिताचा पेपर घेणं. म्हणजे पास मॅथ्समध्येही नापास होता येतं का, असं पद्मजाने विचारलं. स्वानंदीने तिच्याकडे एकदम पाहिलं, मग पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. पद्मजाचं डोकं गरगरायला लागलं होतं. तीन पाचव्या, दोन डिप्लोमे आणि नापास होता येईल असा पास, यातलं आपण नेमकं काय व्हायचं, हे तिला कळेनासं झालं.

खरं सांगायचं तर तिच्या गोंधळाच्या तळाशी एक गोष्ट अगदी स्पष्ट होती. संध्याकाळच्या वर्गात इंग्रजीत लिहावं लागणार होतं आणि कुणीतरी ते तपासणार होतं. चाळिशीला आलेली बाई, घरात पोर परीक्षेला बसलेली, आणि हिला अजून स्वप्नात नागपूरच्या परीक्षेच्या हॉलमधला पंखा दिसायचा. अमेरिकन शाळेत निदान समोर कुणी नव्हतं.

एका शनिवारी दुपारी शिरीष आणि स्वानंदी बाहेर गेले होते, तेव्हा ती देवाला नमस्कार करून कॉम्प्युटरसमोर बसली. परीक्षा फुकट होती, पास झालात तरच पैसे भरून डिप्लोमा मागवायचा. प्रश्न वाटले त्यापेक्षा सोपे निघाले. टक्केवारी, नकाशे, शरीरातले अवयव. चारातला एक पर्याय निवडायचा आणि पुढे जायचं. मध्येच एक पान अडकलं, नुसतं वाळूचं घड्याळ फिरत राहिलं, म्हणून तिने 'नेक्स्ट' दाबलं. शेवटचं बटण दाबलं आणि पडदाभर निळ्या अक्षरांत अभिनंदन आलं. ती पास झाली होती.

पद्मजा उठून उभी राहिली. मग बसली. मग पुन्हा उठून तिने चहाचं आधण ठेवलं आणि गॅससमोर उभी राहून ओक्साबोक्शी रडली. बावीस वर्षांनी कुणीतरी तिला पास म्हटलं होतं. शिरीषला फोन करावा असं वाटलं, पण त्याआधी तिला एक गोष्ट जाणून घ्यायची होती. इंग्रजीत किती पडले?

साइटवर नंबर होता. फोनवर केव्हिन नावाचा मनुष्य आला आणि नाकातून अमेरिकन बोलू लागला. पद्मजाने दोन वाक्यं ऐकली आणि सरळ हिंदीत विचारलं, "भैया, आप कहाँ से बोल रहे हैं?"

"नोएडा से, मॅडम," केव्हिन म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम माणसांत आला.

"मेरे इंग्लिश के मार्क्स बताइए ना."

त्याने बरंच शोधलं. "मॅडम, इंग्लिश का तो पेज आपने खोलाही नहीं. लोड नहीं हुआ होगा."

"तो मैं पास कैसे हुई?"

"मॅडम, टेन्शन मत लीजिए," केव्हिन मायेने म्हणाला. "हमारे यहाँ कोई फेल नहीं होता."

तो बिचारा धीर देत होता. पद्मजाने त्याचे आभार मानून फोन ठेवला. चहा उकळून भांड्याबाहेर गेला होता. तिला आधी काहीच वाटेना, आणि मग असा राग आला की तिचं तिलाच नवल वाटलं. नागपूरच्या बोर्डाने तिला दोनदा नापास केलं होतं, पण निदान पेपर तरी वाचला होता.

आता कुणाला वाटेल, इथेच तिचं ठरलं. तसं काही झालं नाही. पुढचे कितीतरी दिवस ती दोन्ही बाजूंनी झुलत राहिली. कागद मागवला तर खोली राहील, पोरं राहतील, नोरीनला काही कळायचं नाही. पण मग दरवेळी नोरीन कुणापुढे 'आमची पद्मा' म्हणाली की आपल्याला तो केव्हिन आठवणार. नाही मागवला तर नोरीनला सांगावं लागणार, आणि ती म्हणेल, तू मला फसवलंस. मग पुन्हा ते घर, आणि समोरच्या म्हातारीचा पडदा. शिरीष रोज विचारायचा, "भरू का पैसे?" ती म्हणायची, "उद्या सांगते."

ईस्टरच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी पोरं घरी गेली. नोरीन स्वयंपाकघरात धुतलेले कप प्रेसमध्ये ठेवत होती. प्रेस म्हणजे इकडे कपाट. पद्मजा दारात उभी राहिली.

"नोरीन, ते सर्टिफिकेट माझ्याकडे नाही."

"हरवलं? मग मागवून घे की."

"नाही, नाही. आय गेव्ह द एक्झाम..."

मराठी माणूस परीक्षा देतो. इकडे परीक्षा देतो तो मास्तर. नोरीनचे डोळे मोठे झाले. "तू परीक्षा घ्यायचीस? कॉलेजात? आणि इतके दिवस बोलली नाहीस!"

"नो, नो," पद्मजा घाबरून म्हणाली. "आय ओन्ली अपीअर्ड."

"अपीअर्ड?" नोरीनने हातातला कप खाली ठेवला. "म्हणजे नॉकला मेरीमाता प्रकट झाली होती, तशी?"

नॉक हे त्यांचं तीर्थक्षेत्र. पद्मजाने ते नाव ऐकलं होतं आणि तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "विषय राहिला," असं आपण म्हणतो, ते तिला आठवलं. तेच तिने इंग्रजीत केलं, "इंग्लिश रिमेन्ड."

"कुठे राहिलं?" नोरीनने काळजीने विचारलं.

पद्मजा थांबली. आजवर जे शब्द पांघरून ती वावरली होती, त्यांतला एकही या बाईपुढे टिकत नव्हता. आता एकच शब्द उरला होता, आणि त्याचा दोन्ही देशांत एकच अर्थ होत होता.

"आय फेल्ड," ती म्हणाली. "ट्वाइस. आणि तू विचारलंस तेव्हा मला वाटलं, तू शाळा सोडल्याचा कागद विचारतेयस. नंतर कळलं. कळूनही मी बोलले नाही."

नोरीन हसली नाही. तिने कपाटाचं दार लावून घेतलं.

"कळलं तेव्हाच सांगायला हवं होतंस," ती म्हणाली. तिच्या मनाला लागलं होतं आणि तिने ते लपवलं नाही. मग तिने काय ते सांगितलं. खोलीची प्रमुख कियारा होईल. कियारा एकोणीस वर्षांची, अजून केस चघळणारी पोर. पद्मजाने तिच्या हाताखाली काम करायचं, एकटीने मुलांपाशी थांबायचं नाही, आणि सप्टेंबरपासून संध्याकाळच्या वर्गाला नाव घालायचं. "नाव घातलंस तरच नियमात बसेल," नोरीन म्हणाली.

पद्मजाने मान हलवली आणि या खेपेस तोंडानेही "येस" म्हटलं. रस्त्याने चालताना तिला हलकंबिलकं काही वाटलं नाही. कियारा आपल्याला काय करायचं ते सांगणार, म्हणून वाईट वाटत होतं. सप्टेंबरची भीती वाटत होती. शिरीष काय म्हणेल तेही समजत नव्हतं. आपण शहाणपणा केला की मूर्खपणा, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

घरात स्वानंदी एकटीच होती, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पुस्तकं पसरून. पद्मजा कोट न काढताच तिच्यासमोर उभी राहिली. इंग्रजीत तो शब्द निघून गेला होता. मराठीत तो निघेना. तिच्या वडिलांनी तो ज्या आवाजात उच्चारला होता तो आवाज अजून त्याला चिकटलेला होता.

"स्वानंदी, मी कॉलेज केलेलं नाही," ती म्हणाली. "मी बारावी नापास आहे. दोनदा बसले, दोनदा नापास झाले. तुला सांगितलं नव्हतं."

स्वानंदीने पेन खाली ठेवलं. ती आईकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिचा चेहरा वेडावाकडा झाला, लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा. बोलली ती मराठीत, अडखळत.

"मी पण," ती म्हणाली. "मॉकला. ती प्रॅक्टिसची एक्झाम झाली ना, त्याला. मॅथ्समध्ये. मी तुला फाइन गेली सांगितलं, पण मी नापास झाला, आई."

तिचं मराठी सुधारायची ही वेळ नव्हती. 'किती पडले?' हा प्रश्न मात्र पद्मजाच्या अगदी ओठांवर आला होता. तो तिने गिळला, खुर्ची ओढली आणि लेकीच्या शेजारी बसली.